धंद्याचा डेटा क्लाउडवर ठेवायचाय? आधी तो परत काढायचा हिशोब करा

क्लाउड स्टोरेजची तीन-चार कोटेशन्स समोर आली की सगळ्यांची नजर एकाच रकान्यावर जाते: एका जीबीला महिन्याचा दर किती? मोठ्या कंपन्यांमध्ये या रकान्यात फारसा फरक नसतोच. खरा फरक खालच्या बारीक ओळींत असतो. ठेवलेला डेटा एखाद्या दिवशी सगळाच्या सगळा परत लागला, तर किती पैसे पडतील? किती तास लागतील? आणि त्या दिवशी खात्याचं लॉगिन कोणाच्या हातात असेल? तुलना या तीन प्रश्नांवर करायची, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीच्या गोष्टी सेल्समनला बोलायला ठीक आहेत.

उदाहरणासाठी भोसरी एमआयडीसीतलं एक टूलरूम, म्हणजे साचे आणि डाय बनवणारा छोटा कारखाना, धरू. वीसेक माणसं, चार डिझायनर, हिशोब टॅलीवर, ग्राहकांची हजारो ड्रॉइंग्ज, ऑफिसात एक नॅस (सगळ्यांच्या फायली ठेवणारा, नेटवर्कवरचा डिस्कचा डबा) आणि तो बसला तर पुढे काय, ही मालकाची काळजी. सीएचं ऑफिस, आर्किटेक्ट, छोटं हॉस्पिटल यांची गोष्टही फार वेगळी नसते.

पायरी १: काय ठेवायचं नाही ते आधी ठरवा

डेटाचे तीन ढीग करा. रोज उघडल्या जाणाऱ्या फायली, बॅकअप, आणि जुनं, कोणी बघत नाही पण फेकताही येत नाही असं. प्रत्येक ढिगाचा आकार जीबीत आणि फायलींची संख्या हजारांत लिहून काढा. संख्या कशाला लागते ते पुढे बिलात कळेल.

सीसीटीव्ही या यादीतून बहुतेक वेळा बाहेर ठेवावा लागतो. एक साधा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा २ एमबीपीएसने रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला जवळपास २१ जीबी होतात. आठ कॅमेऱ्यांचे महिन्याला पाच टीबी, आणि तुमच्या इंटरनेट लाइनचा १६ एमबीपीएस अपलोड चोवीस तास त्यातच अडकलेला. ते फुटेज एनव्हीआरवरच, म्हणजे कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरवरच, राहू द्या. एखादी घटना घडली तर तेवढाच तुकडा वर चढवा.

पायरी २: ड्राइव्ह हवाय की बॅकअपची जागा?

नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, झोहो वर्कड्राइव्ह ही माणसांनी वापरायची साधनं. फाइल उघडा, बदला, शेअर करा. पैसे माणशी मोजायचे. गूगल वर्कस्पेसच्या बिझनेस स्टार्टरमध्ये माणशी ३० जीबी मिळतात, स्टँडर्डमध्ये माणशी २ टीबी, तेही सगळ्यांत मिळून वापरता येतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस बेसिकमध्ये प्रत्येकाला १ टीबीचं वनड्राइव्ह. झोहोची भारतातली डेटा सेंटर्स मुंबई आणि चेन्नईत आहेत.

अॅमेझॉनचं एस-थ्री, मायक्रोसॉफ्टचं अझुर ब्लॉब आणि गूगल क्लाउड स्टोरेज हा प्रकार निराळा. याला ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणतात. इथे माणूस रोज फाइल उघडून बसत नाही. बॅकअपचं सॉफ्टवेअर किंवा नॅस रात्री येऊन डेटा टाकून जातो. वापराल तेवढं बिल. बॅकब्लेझ बी-टू, वसाबी, क्लाउडफ्लेअर आर-टू हेही याच पंगतीतले, आणि एस-थ्रीला जोडणारं बहुतेक सॉफ्टवेअर यांनाही जोडता येतं.

ड्राइव्हवर डेटा आहे म्हणजे बॅकअप झाला, असं समजू नका. सिंक, म्हणजे पीसीवरचं आणि वरचं फोल्डर आपोआप सारखं ठेवणं, हे आज्ञाधारक असतं: ऑफिसच्या पीसीवर फोल्डर डिलीट झालं की वरूनही जातं, आणि रॅन्समवेअरने (खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) फायली कुलूपबंद केल्या की त्या कुलूपबंद फायलीच इमानेइतबारे वर चढतात. जुनी व्हर्जन्स परत मिळतात, पण मुदतीत. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, त्यानंतर अॅडमिनला आणखी २५ दिवस मिळतात. वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंटच्या रिसायकल बिनची मुदत ९३ दिवस. मार्चमध्ये उडालेलं फोल्डर ऑक्टोबरच्या ऑडिटमध्ये आठवलं तर हात रिकामेच.

टॅलीचा चालू डेटा फोल्डर तर सिंक होणाऱ्या ड्राइव्हमध्ये कधीच ठेवू नये. टॅली एकाच वेळी बऱ्याच फायलींत लिहीत असते. सिंक त्यातल्या काही आधी उचलतो, काही नंतर. दोन पीसीवरून कंपनी उघडली की एकमेकांवर न जुळणारे तुकडे तयार होतात आणि एका सकाळी कंपनी लोडच होत नाही. बरोबर मार्ग असा: टॅलीच्या आतूनच बॅकअप घ्यायचा, आणि ती बॅकअप फाइल वर पाठवायची.

दुसरी काळजी नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाची. त्याचं गूगल खातं डिलीट केलं तर ते परत आणायला २० दिवस असतात. मायक्रोसॉफ्टकडे वनड्राइव्हचा डेटा ठरावीक सेटिंगनुसार ३० दिवस राहतो. म्हणून कामाच्या फायली व्यक्तीच्या ड्राइव्हमध्ये न ठेवता गूगलचं शेअर्ड ड्राइव्ह, शेअरपॉइंट किंवा वर्कड्राइव्हचं टीम फोल्डर यांतच ठेवायच्या. शेअर्ड ड्राइव्ह गूगलच्या सगळ्यात स्वस्त बिझनेस प्लॅनमध्ये नसतं. प्लॅन घेताना ही एक गोष्ट नक्की विचारा.

आपल्या टूलरूमला दोन्ही लागेल: डिझायनरांना ड्राइव्ह, नॅसच्या बॅकअपला ऑब्जेक्ट स्टोरेज. इथून पुढे मुख्यतः दुसऱ्याबद्दल.

पायरी ३: डेटा कुठल्या गावात राहणार?

खातं उघडल्यावर स्क्रीनवर जो रीजन (डेटा सेंटरचं ठिकाण) आधीच निवडलेला असतो तो बऱ्याचदा अमेरिकेतला असतो. तसाच पुढे गेलात तर डेटा तिकडेच. नंतर रीजन बदलायचा म्हणजे नवी बकेट (डेटा ठेवायचा कप्पा) करून सगळा डेटा हलवायचा, म्हणून पहिल्याच दिवशी बघा.

अॅमेझॉनचा मुंबई रीजन २०१६ पासून आहे, हैदराबादचा २०२२ पासून. गूगलचे मुंबई (२०१७) आणि दिल्ली (२०२१). मायक्रोसॉफ्ट २०१५ पासून भारतात आहे आणि त्यांच्या यादीत ‘सेंट्रल इंडिया’ असं लिहिलेलं असतं ते म्हणजे आपलं पुणे. ‘वेस्ट इंडिया’ मुंबई, ‘साउथ इंडिया’ चेन्नई. पुण्याच्या रीजनमध्ये तीन स्वतंत्र झोन, म्हणजे एकमेकांपासून वेगळी डेटा सेंटर्स, आहेत, त्यामुळे अझुर घेणार असाल तर तोच निवडा. बॅकब्लेझचे सर्व्हर अमेरिका, कॅनडा आणि युरोपात. वसाबीचं आपल्याला जवळचं ठिकाण सिंगापूर. आर-टूमध्ये ‘आशिया-पॅसिफिक’ एवढीच पसंती सांगता येते.

हे महत्त्वाचं का? तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि हिशोबाची पुस्तकं संगणकावर असतील, तर कंपनीज (अकाउंट्स) नियमांप्रमाणे त्यांचा बॅकअप रोज, आणि भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. आधी ‘ठरावीक काळाने’ असं होतं; ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने ‘रोज’ झालं. भागीदारी फर्मला हा नियम लागू नाही. पेमेंटचा डेटा हाताळणाऱ्यांना रिझर्व्ह बँकेचं एप्रिल २०१८ चं परिपत्रक आहे. तो डेटा भारतातच. ग्राहकांची किंवा रुग्णांची वैयक्तिक माहिती असेल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बघावा लागेल. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

थोडक्यात, टॅलीचा बॅकअप भारतातल्या रीजनमध्ये. ड्रॉइंग्जची दुसरी प्रत स्वस्तात परदेशी ठेवायची असेल तर कायद्याची तितकी आडकाठी नाही, पण ग्राहकाशी केलेला गोपनीयतेचा करार आधी वाचा. मोठ्या वाहन कंपन्यांच्या करारात ड्रॉइंग देशाबाहेर न नेण्याचं कलम असू शकतं.

पायरी ४: बिल मांडून बघा

आता मुख्य काम. समजा नॅसचा बॅकअप १ टीबी आहे.

एस-थ्री मुंबईत साध्या वर्गाचा (नेहमी लागणाऱ्या डेटाचा) दर जीबीला महिना ०.०२५ डॉलर आहे. १ टीबीचे साधारण साडेपंचवीस डॉलर. आत टाकताना वाहतुकीचे पैसे नाहीत. पण इंटरनेटवरून बाहेर काढताना महिन्याचे पहिले १०० जीबी फुकट, पुढे जीबीला ०.१०९३ डॉलर. सगळा टीबी एकदा परत आणला की सुमारे १०१ डॉलर. म्हणजे एका महिन्याच्या भाड्याच्या चौपट, एका खेपेला! बिलात ही ओळ ‘डेटा ट्रान्सफर’ या नावाखाली येते. अझुर आणि गूगलचीही रचना अशीच आहे, आकडे थोडे इकडेतिकडे.

बॅकब्लेझ आणि वसाबीचे दर गेली काही वर्षं टीबीला महिना सहा-सात डॉलरच्या घरात आहेत. बॅकब्लेझ साठ्याच्या तिपटीपर्यंत डेटा बाहेर काढायला पैसे घेत नाही. वसाबीही घेत नाही, पण महिन्याला साठ्याइतकाच काढावा अशी अट. शिवाय साठा कमी असला तरी किमान १ टीबीचं बिल आणि कुठलीही फाइल किमान ९० दिवस धरली जाणार. रोज नवा बॅकअप घेऊन आठवड्याने जुना उडवणाऱ्याला ही नव्वद दिवसांची अट महागात पडते. आर-टू टीबीला सुमारे १५ डॉलर, आणि बाहेर काढणं फुकट.

हे दर बदलतात. प्रत्येक कंपनीचं कॅल्क्युलेटर त्यांच्या साइटवर असतं; त्यात तुमचा रीजन टाका आणि दोन बिलं काढा: एक नेहमीच्या महिन्याचं, दुसरं ज्या महिन्यात सगळं परत आणावं लागलं त्याचं. कोटेशन देणाऱ्याकडूनही दुसरं बिल लेखी मागा. तो गडबडला तर समजून घ्या.

कंपनी सोडून कायमचं जाणाऱ्यांसाठी २०२४ पासून गूगल, अॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट तिघांनीही बाहेर काढण्याचं शुल्क माफ करायला सुरुवात केली आहे; पण त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. डिस्क उडाली म्हणून डेटा मागवला तर ही माफी नाही.

आता फायलींच्या संख्येकडे. ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये प्रत्येक ‘टाक’ आणि ‘काढ’ या विनंतीचे वेगळे पैसे असतात. एस-थ्रीत साध्या वर्गात हजार फायली टाकायला ०.००५ डॉलर, म्हणजे दहा लाख फायलींना पाच डॉलर. किरकोळ वाटतं. पण सगळ्यात थंड वर्गात, म्हणजे क्वचितच लागणाऱ्या डेटाच्या स्वस्त वर्गात, तेच अमेरिकेतल्या दराने पन्नास डॉलर होतात. शिवाय मधल्या वर्गात १२८ केबीपेक्षा लहान फाइल १२८ केबीचीच धरली जाते. दहा केबीच्या लाखभर टेक्स्ट फायली असतील तर बिल बारा-तेरा पटींनी फुगलं. उपाय सोपा: जुनं सामान वर्षवार झिप करा, मगच पाठवा.

कर आणि पेमेंट. क्लाउडवर १८ टक्के जीएसटी आहे. खात्याच्या टॅक्स सेटिंगमध्ये जीएसटी नंबर पहिल्याच दिवशी टाका, नाहीतर इनपुट क्रेडिट हातचं जातं. भारतात बिल न देणाऱ्या परदेशी कंपनीचं रिव्हर्स चार्जचं (कर तुम्हीच भरायचा) प्रकरण असतं; तुमच्या सीएना आधी सांगून ठेवा. आणि कार्ड: रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट नियमांमुळे १५,००० रुपयांवरचं आपोआप कापलं जाणारं पेमेंट ओटीपीशिवाय होत नाही. बिल या आकड्यावर गेलं की पेमेंट फसतं, आठवणीच्या मेल कोणी वाचत नाही आणि खातं स्थगित होतं. बिलाच्या मेल अकाउंट्सच्या माणसाकडे जातील अशी सोय करा.

पायरी ५: थंड वर्गाचा मोह

सगळ्या कंपन्यांकडे ‘क्वचित लागणाऱ्या’ डेटासाठी स्वस्त वर्ग असतात. जुन्या डेटाला ते उत्तम. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने, कंपनीची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवायची असतात. असं सामान तिथेच शोभतं.

पण अटी वाचा. एस-थ्रीच्या ग्लेशियर डीप आर्काइव्हमध्ये किमान १८० दिवसांचे पैसे, आणि फाइल मागितली की १२ तासांपर्यंत थांबा. स्वस्तातली मागणी केली तर ४८ तास. अझुर आर्काइव्हही १८० दिवस, परत यायला १५ तासांपर्यंत. गूगलचा आर्काइव्ह वर्ग लगेच उघडतो, पण किमान ३६५ दिवसांचं भाडं लागतं आणि वाचायला जीबीला ०.०५ डॉलर वेगळे. दुसऱ्या महिन्यात फाइल पुसलीत तरी वर्षाचं भाडं ठरलेलंच.

कालचा बॅकअप अशा वर्गात टाकू नये. सोमवारी सर्व्हर बसला आणि ग्राहकाची डिलिव्हरी मंगळवारी असेल तर हे बारा तास फार जड जातात.

पायरी ६: अकरा नऊंच्या आकड्यांकडे दुर्लक्ष करा, दोन बातम्या वाचा

एस-थ्रीची टिकाऊपणाची जाहिरात ९९.९९९९९९९९९ टक्क्यांची, म्हणजे अकरा नऊंची आहे, गूगलचीही तेवढीच. अझुरमध्ये तर दोन रीजनमध्ये प्रत ठेवली तर सोळा नऊ. तुलनेसाठी हे आकडे निरुपयोगी आहेत, कारण क्लाउडवर डिस्क बिघडून डेटा सहसा जात नाही. माणसाच्या हाताने जातो किंवा खातंच बंद पडतं.

मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाची गूगल क्लाउडवरची खासगी क्लाउड यंत्रणा एका चुकीच्या सेटिंगमुळे पुसली गेली. दोन ठिकाणी ठेवलेली होती, दोन्हीकडून गेली. त्यांना परत उभं राहता आलं त्यात दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचाही वाटा होता. आणि जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांच्या कारणाने मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तोवर ईमेलसाठी तिने रेडिफची वाट धरली. सेवा पुढे सुरू झाल्या. पण एवढ्या मोठ्या कंपनीवर ही वेळ येते, तर भोसरीच्या टूलरूमचं कोण ऐकणार?

म्हणून दुसरी प्रत वेगळ्या कंपनीकडे, किंवा सरळ दोन हार्ड डिस्क आलटूनपालटून मालकाच्या घरी. एकाच कंपनीच्या दोन रीजनमधल्या दोन प्रती मी दोन मोजत नाही.

पायरी ७: खातं उघडताना

खातं व्हेंडरच्या नावावर उघडू देऊ नका. मूळ लॉगिनचा ईमेल फर्मच्या डोमेनवरचा, मोबाइल नंबर फर्मच्या नावावरच्या सिमचा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, रिकव्हरी कोड छापून कागदपत्रांच्या तिजोरीत ठेवा. व्हेंडरला वेगळं, मर्यादित लॉगिन द्या. नॅसला जी अॅक्सेस की (पासवर्डसारखी किल्ली) द्याल तिला टाकण्याची परवानगी असू दे, पुसण्याची नको. नॅसमध्ये कोणी घुसलं तरी वरचा बॅकअप शाबूत राहील.

बकेटवर व्हर्जनिंग (बदललेल्या फायलींच्या जुन्या प्रती जपणं) आणि ऑब्जेक्ट लॉक लावा. लॉक लावलेली फाइल मुदत संपेपर्यंत पुसता येत नाही. रॅन्समवेअरवर याहून चांगला इलाज मला माहीत नाही. एस-थ्रीच्या कंप्लायन्स प्रकारात तर मूळ लॉगिनलाही पुसता येत नाही, त्यामुळे आधी एक-दोन दिवसांची मुदत लावून बघा. चुकून दहा वर्षं टाकलीत तर दहा वर्षं बिल भरत बसाल. सार्वजनिक प्रवेश बंद आहे ना, तेही पाहा. एस-थ्रीत एप्रिल २०२३ पासून नव्या बकेटला तो आपसूक बंद असतो, जुन्यांना नसेल.

आणि एक बारीक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. लाइन तुटल्यामुळे अर्धवट राहिलेल्या मोठ्या अपलोडचे तुकडे बकेटमध्ये पडून राहतात. फायलींच्या यादीत ते दिसत नाहीत, बिलात मात्र येतात. लाइफसायकल नियमांत (फायली आपोआप पुसण्याच्या सेटिंगमध्ये) ‘सात दिवसांवरचे अर्धवट अपलोड पुसा’ असा नियम आणि जुन्या व्हर्जन्सना साठ-नव्वद दिवसांची मुदत, एवढं पहिल्या दिवशी करून टाका. सोबत बजेटचा अलर्टही लावा, ठरलेल्या बिलाच्या दीडपटीवर.

पायरी ८: पैसे भरण्याआधी आणि नंतर, परत काढून बघा

१०० एमबीपीएसच्या लाइनवर १ टीबी जायला कागदावर २२ तास, प्रत्यक्षात दीड दिवस धरा. २० एमबीपीएस अपलोड असेल तर पाच दिवस. बऱ्याच फायबर प्लॅनना महिन्याला ३,३०० जीबीची एफयूपी (वापराची) मर्यादा असते. ती ओलांडली की वेग पडतो. पहिला अपलोड शनिवारी रात्री सुरू करा, आणि कामाच्या वेळेत नॅसला वेगाची मर्यादा घाला, नाहीतर डिझायनर ओरडतील.

दोन-तीन कंपन्यांवर ५० जीबीचा खराखुरा डेटा महिनाभर चालवून बघा. थोडक्या पैशांत काम होतं (किमान १ टीबीचं बिल लावणाऱ्या वसाबीत मात्र जास्त), आणि मोफत आरक्लोनसारखं साधन वापरलंत तर एकाच साधनातून सगळीकडे टाकता, काढता आणि फायली जुळतात का ते तपासता येतं. अपलोडचा वेग नोंदवा, मग डाउनलोडचा, मग महिन्याअखेरचं बिल कॅल्क्युलेटरशी ताडून पाहा.

निवड झाल्यावर दर तिमाहीला एक कवायत ठेवा. एक जुनं ड्रॉइंग, गेल्या आठवड्यातलं एक पूर्ण फोल्डर, आणि टॅलीचा बॅकअप दुसऱ्याच पीसीवर रिस्टोअर करून ट्रायल बॅलन्स जुळतोय का ते पाहायचं. हे काम सिस्टिम बसवणाऱ्याला देऊ नका. अकाउंट्समधल्या माणसाला, लिहून ठेवलेल्या सूचना वाचून करू दे. तो जिथे अडेल ती ओळ त्याच दिवशी दुरुस्त करा, आणि फाइल मागितल्यापासून उघडेपर्यंत किती वेळ गेला तो आकडा वहीत तारखेसह लिहा.